पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरचा आतला वण

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. परळी तालुक्यातील आमचा सिरसाळा परिसर याला अपवाद नाही. आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात मुले राहतात, त्यांतील अनेकांचे आईवडील त्या पाच-सहा महिन्यांत फडावर असतात. पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचे, हा त्यांचा दिवस. या कामाची किंमत शरीराचा जो भाग सर्वांत आधी मोजतो, तो कणा. पूर्वी कंबर धरली की माणूस घरीच पडून राही. अलीकडे एमआरआय होतो, डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात आणि कित्येक पालक व माजी विद्यार्थी ती करूनही घेतात. त्यातील बहुतेकांना बरे वाटते. काहींच्या बाबतीत मात्र काही महिने चांगले गेल्यावर तीच कळ पुन्हा त्याच पायात उतरते, आणि मग डॉक्टरांच्या तोंडून एक शब्द ऐकू येतो : 'फायब्रोसिस'. म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागी आत तयार झालेला वण. हा वण का होतो, तो टाळता येतो का, किती टाळता येतो आणि त्यात रुग्णाच्या हाती काय असते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. येथे जे सांगू ते डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नसून, तो सल्ला नीट ऐकता यावा व योग्य प्रश्न विचारता यावेत यासाठी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे 'मणक्यात गॅप पडला' असे म्हणण्याची रूढी आहे. शब्द इंग्रजी, अर्थ मात्र उलटा. दोन मणक्यांमध्ये जी जागा असते ती निसर्गतःच असते, आणि तेथे एक गादी असते. गादीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे व आतला गर मऊ असतो. वय, वारंवार वाकणे आणि ओझे यांमुळे गादी झिजते. त्यामुळे अंतर वाढत नाही, उलट कमी होते. कधी बाहेरचे कडे फाटून आतला गर मागे सरकतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेच्या मुळावर टेकतो. कमरेचा चौथा व पाचवा मणका यांच्यामध्ये, किंवा पाचवा मणका व त्याखालील त्रिकास्थी यांच्यामध्ये हे बहुधा घडते. मग कमरेपेक्षा पायातच अधिक कळ येते. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी अंगठ्यापर्यंत जाते. यालाच सायटिका म्हणतात.

या कळेचे कारण गादीत आहे हे वैद्यकास फार उशिरा उमगले. १९३४ साली अमेरिकेतील बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी फाटलेल्या गादीचा व पायाच्या कळेचा संबंध शस्त्रक्रियेच्या आधारे मांडला. त्या काळी मागचे हाड मोठ्या प्रमाणात काढून आत शिरावे लागे. १९७७ साली याशारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लहान छेदातून हीच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस नळीतून दुर्बीण घालून ती होऊ लागली. मराठी वाचकांना या क्षेत्रात गोव्याचे सुपुत्र डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे नाव परिचित आहेच. छेद लहान होत गेला, रुग्णालयातील मुक्काम कमी झाला. वणाचा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटला नाही.

कारण वण हा चुकीमुळे होत नाही. बरे होण्याचीच ती रीत आहे. कोयत्याचा घाव हातावर बसला तर त्या जागी पूर्वीची कातडी परत येत नाही. तेथे घट्ट, किंचित चकचकीत, न ताणणारा वण येतो. शरीर फाटलेल्या जागी आधी रक्ताची गुठळी बसवते, मग काही दिवस तेथे दाह चालतो व मेलेल्या पेशींची साफसफाई होते. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत तंतू विणणाऱ्या पेशी तेथे येऊन कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे जाळे घालतात, आणि पुढे कित्येक महिने ते जाळे आवळत, घट्ट होत राहते. पाठीच्या आतही हेच घडते. फरक इतकाच की हातावरील वणाखाली दुसरे काही अडकत नाही, कण्यात मात्र त्याच जागेवरून नस जात असते.

निरोगी माणसाने पाय सरळ ठेवून वर उचलला की नसेचे मूळ आपल्या वाटेत काही मिलिमीटर मागेपुढे सरकते. मोटेचा नाडा चाकावरून सरकावा तसे. तिच्याभोवती चरबीचा पातळ थर असतो, तो वंगणाचे काम करतो. शस्त्रक्रियेत मागचे स्नायू बाजूला करावे लागतात, हाडाचा थोडा भाग व त्याखालचा पिवळा बंध काढावा लागतो, नस हळूच सरकवावी लागते, आणि मग बाहेर आलेला गर उचलता येतो. या वाटेत वंगणाचा थर विस्कटतो. जेथे हाड व बंध होते तेथे पोकळी राहते, ती रक्ताने भरते. आता स्नायूंतील तंतुपेशींना नसेपर्यंत पोहोचण्यास आडकाठी उरत नाही. १९४८ साली की आणि फोर्ड यांनी या वणाचा उगम फाटलेल्या गादीत शोधला होता. १९७४ साली लारोका आणि मॅकनॅब यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले की तो प्रामुख्याने मागच्या स्नायूंतून आत उतरतो. काढलेल्या हाडाच्या जागी तयार होणाऱ्या या पडद्याला त्यांनी काढलेल्या हाडाचेच नाव दिले. शोध विद्वानांपुरता वाटेल, पण वण टाळण्याचे पुढील जवळजवळ सगळे प्रयत्न त्यावरच उभे आहेत. वण मागून येत असेल तर मागचे दार लावून घ्यावे, हे ओघानेच आले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी लागते, कारण तिच्या अभावी पुष्कळ भीती पसरते. थोडाबहुत वण प्रत्येकाच्याच पाठीत होतो. ज्याला वण आहे त्या प्रत्येकाला वेदना होतेच असे नाही. १९९६ साली रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये ज्यांचा वण विस्तृत होता, त्यांना पायाची कळ पुन्हा येण्याचा संभव इतरांपेक्षा ३.२ पट आढळला. इतर काही अभ्यासांत मात्र वणाचे आकारमान आणि वेदना यांचा असा सरळ संबंध दिसला नाही. तेव्हा अहवालात 'फायब्रोसिस' हा शब्द आला म्हणजे वेदनेचे कारण सापडलेच, असे समजणे घाईचे होय. अहवालातील शब्द आणि रुग्णाचा पाय, दोन्हींची साक्ष जुळावी लागते. इतिहासात आम्ही एका साधनावर विसंबत नाही, येथेही तोच नियम लावावा.

आता वण कमी होण्यासाठी शल्यविशारद काय करतात ते पाहू. सर्वांत खात्रीचा भाग सर्वांत साधा आहे. छेद शक्य तितका लहान ठेवणे, स्नायू कमीत कमी सोलणे, हाड व पिवळा बंध जरुरीपुरताच काढणे, नसेभोवतीची चरबी जपणे, आणि जखम बंद करण्यापूर्वी रक्तस्राव पूर्ण थांबवणे. साचलेले रक्त हा वणाचा कच्चा माल आहे, म्हणून काही डॉक्टर एक-दोन दिवस रक्त वाहून जाण्यासाठी नळी ठेवतात. पुसण्याच्या कापसाचे तंतू किंवा हातमोज्यावरची पावडर आत राहू नये, ही काळजीही त्यातच येते, कारण परका कण दिसला की शरीर त्याभोवती वण विणते. या गोष्टींना जाहिरात नसते. त्या हाताच्या सवयीत असतात.

दुसरा मार्ग आडपडद्याचा. रुग्णाच्याच शरीरातील चरबीचा लहान तुकडा नसेवर ठेवण्याची पद्धत अनेक वर्षे चालली. तुकडा मोठा असला किंवा सरकला तर तोच नसांवर दाब आणतो असे अनुभव आल्याने तिचा वापर मर्यादित झाला. मग निरनिराळे जेल, पातळ पडदे, हायलुरोनिक आम्लाचे लेप, अगदी कर्करोगावरील मायटोमायसिन हे औषधसुद्धा वापरून पाहण्यात आले. यांतील पुष्कळ गोष्टी उंदीर, ससे व कुत्रे यांच्यावर उत्तम ठरल्या. माणसावर येताच निकाल डळमळले. 'ॲडकॉन-एल' नावाच्या जेलची हकीकत या दृष्टीने बोधक आहे. युरोपातील सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक होते. १९९८ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे नसांच्या आवरणातील छिद्रातून पाणी गळत राहण्याच्या तक्रारी आल्या, नंतरच्या अभ्यासांत अपेक्षित लाभ दिसेना, आणि काही वर्षांतच ते बाजारातून गेले. आज एखाद्या रुग्णालयात 'वण होऊ नये म्हणून खास जेल टाकू, त्याचे इतके हजार वेगळे' असे सांगण्यात आले, तर घाबरून होकार देऊ नये आणि संशयाने नकारही देऊ नये. त्या जेलने माणसांमध्ये वेदना कमी झाल्याचे कोठे दिसले आहे काय, एवढे विचारावे. वण कमी दिसणे आणि वेदना कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वर आलेच आहे.

आणि एक मार्ग आहे, जो शस्त्रक्रियेच्या टेबलापूर्वीच संपतो. जी शस्त्रक्रिया झालीच नाही तिचा वण होत नाही. २००७ साली नेदरलँड्समधील २८३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांना दीड ते तीन महिन्यांची तीव्र सायटिका होती. निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया केली. उरलेल्यांना औषध, व्यायाम व धीर देऊन थांबवले, आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली. लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली, हे खरे. पण वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के लोकांनी आपण बरे झालो असे सांगितले, आणि थांबवलेल्या गटातील ३९ टक्क्यांनाच पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट असा मुळीच नाही. पायाची शक्ती जात असेल, लघवी-शौचावरील ताबा सुटत असेल, तर थांबणे हाच धोका होय. परंतु केवळ कळ आहे, शक्ती शाबूत आहे, अशा वेळी काही आठवडे थांबण्यास वैद्यकीय आधार आहे. नुसत्या कंबरदुखीसाठी, पायाच्या कळेविना, गादी काढण्याचा लाभ तर फारच अनिश्चित असतो.

या ठिकाणी आपल्या जिल्ह्याने जे भोगले ते आठवल्यावाचून राहत नाही. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कंबर दुखते, पोट दुखते, अंगावरून जाते अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक बाया अवयव गमावून परत आल्या, आणि पुढच्या हंगामात तीच दुखरी कंबर घेऊन फडावर गेल्या. पोटातील शस्त्रक्रियेनंतरही आत वण होतात, आतडी एकमेकांना चिकटू शकतात, हे त्यांना कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. अशा इतिहासाचा जिल्हा पाठीच्या शस्त्रक्रियेबाबत दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊ लागला, तर त्यात कोणाचा अविश्वास नाही. अंबाजोगाई येथे १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. अस्थिरोग विभागात आपले कागद दाखवून मत घेणे आपल्या लोकांच्या आवाक्यातील गोष्ट आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते की नाही, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. पैसे उसने आणल्यावर नव्हे.

शस्त्रक्रिया झाल्यानंतरचा भाग रुग्णाच्या हातातला, म्हणून त्यावर थोडे रेंगाळू. जुनी समजूत अशी की पाठीची शस्त्रक्रिया म्हणजे तीन महिने खाट. आजचे मत वेगळे आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच उठून थोडे चालावे, आणि रोज ते वाढवीत जावे. चालण्याने पायाची हालचाल होते, नस आपल्या वाटेत सरकत राहते, आणि वण विणला जात असतानाच तिला जागा राहते, असा यामागचा तर्क आहे. तो तर्क पटण्यासारखा आहे, तरी नसेला मुद्दाम सरकवण्याच्या खास व्यायामांनी जादा लाभ होतो असे दिसलेले नाही. ऑस्ट्रेलियात स्क्रिमशॉ आणि मायर यांनी २००१ साली हे तपासून पाहिले, तेव्हा नेहमीच्या व्यायामापेक्षा त्यांत अधिक काही मिळाले नाही. म्हणून महागडे वर्ग लावण्याची निकड नाही. साधे चालणे आणि सुमारे चार-सहा आठवड्यांनंतर फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पाठीचे व पोटाचे व्यायाम पुरेत. असे व्यायाम केल्याने पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ अधिक येते, ही भीतीही अभ्यासांनी खरी ठरवलेली नाही. टाळायचे ते असे : पहिले सहा आठवडे तरी कमरेतून वाकणे, कमरेला पीळ देणे, ओझे उचलणे, आणि एका जागी तासन्‌तास बसणे. आपल्या रस्त्यांवरचा मोटारसायकलचा प्रवास त्यातच धरावा.

विश्रांती आणि हालचाल यांचे हे माप जुन्या काळीही ठाऊक होते. विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याची कथा आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीच्या डोक्याची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जीवकाने त्याला विचारले की सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहाल काय. श्रेष्ठी कबूल झाला. शस्त्रक्रियेनंतर मात्र सात दिवसांतच कुशीला कंटाळला, आणि प्रत्येक स्थितीत सात-सातच दिवस राहिला. तेव्हा जीवकाने सांगितले की एकवीस दिवस पुरतील हे मला आधीच माहीत होते, पण महिने सांगितले नसते तर तुम्ही दिवसही काढले नसते. कवटी उघडून आतून किडे काढल्याचे जे वर्णन त्या कथेत आहे, ते इतिहासाचा विद्यार्थी जपूनच वाचील. रुग्णाच्या स्वभावाचे ज्ञान मात्र अस्सल आहे. त्याच वाङ्मयात, पाठ दुखत असल्यामुळे तथागतांनी कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात उपदेशाचे काम आनंदाकडे सोपवून विश्रांती घेतल्याचा उल्लेख येतो. पाठ दुखली म्हणून थांबण्यात कमीपणा नाही, इतके त्यावरून घेता येईल.

थांबणे परवडते कोणाला, हा खरा पेच आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याच्या नावावर असते. एक जण पडला तर अर्धा कोयता, आणि न भरलेल्या दिवसाचा खाडा. संघटित कारखान्यातील कामगाराला १९४८ च्या राज्य विमा कायद्याने आलेल्या योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्या कायद्याची पायाभरणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, प्रा. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने झाली होती. ज्या उसावर कारखाना चालतो तो तोडणारा हात मात्र त्या कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिला. पावसाळ्यात पाठीची शस्त्रक्रिया करून दिवाळीला मोळी उचलणारा माणूस हट्टी नसतो, बांधलेला असतो. 'वाकू नका, ओझे उचलू नका' असे त्याला सांगताना हे ध्यानात ठेवावे. तरीही जेथे निवड करता येते तेथे ती करावी. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल तर हंगाम संपताच करावी, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत सहा महिने मिळतात. जावेच लागले तर तोडणी करावी पण मोळ्या भरण्याचे काम निदान त्या वर्षी दुसऱ्याकडे द्यावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे नोकरीत आहेत, त्यांनी उचल घेण्याच्या वेळी घरच्यांच्या पाठीशी उभे राहिल्यास तो एक हंगाम चुकवताही येईल.

तंबाखूविषयी उपदेश सर्वांनाच कंटाळवाणा होतो. पण येथे कारण नेमके आहे. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखमेला रक्त कमी पोहोचते आणि ती रेंगाळत भरते. बिडी, गुटखा आणि आपल्या बायाबापड्यांची मिश्री यांत निकोटीन तेच. शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे व नंतर निदान तीन महिने मिश्री बंद करणे, हे एखाद्या महागड्या जेलपेक्षा अधिक भरवशाचे आहे, असे आमचे मत आहे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवावी. जखमेत जंतू शिरले की दाह लांबतो आणि वणही वाढतो. म्हणून टाके ओले करू नयेत, त्यांवर हळद किंवा राख लावू नये. टाक्यांच्या जागी तेल चोळून आतला वण विरघळतो ही समजूत निराधार आहे. कातडीवरील वण मऊ होईल. नसेजवळचा वण कित्येक सेंटिमीटर खोल, स्नायूंच्या खाली असतो. तेथे कोणाचा अंगठा पोहोचत नाही. मणका 'बसवून' देणाऱ्याकडे तर शस्त्रक्रियेनंतर मुळीच जाऊ नये.

कळ परत आली तर ती केव्हा आली हे डॉक्टरांना नेमके सांगावे. शस्त्रक्रियेनंतर ती गेलीच नाही, की दोन-चार महिने चांगले जाऊन हळूहळू परतली, की वर्षभराने एखादे ओझे उचलताना एकाएकी आली? पहिल्या प्रकारात काही दाब राहून गेला असण्याचा संभव असतो. दुसऱ्यात वणाचा विचार होतो. तिसऱ्यात गादीचा उरलेला गर पुन्हा बाहेर आला असण्याची शक्यता अधिक. वण आणि गर यांतील फरक ओळखण्यासाठी शिरेतून गॅडोलिनियम नावाचे द्रव्य देऊन एमआरआय करतात. वणात रक्तवाहिन्या असतात, म्हणून तो चित्रात उजळतो. गादीच्या तुकड्यात त्या नसतात, म्हणून तो सुरुवातीला तरी काळसरच राहतो. हे द्रव्य देण्यापूर्वी मूत्रपिंडाची तपासणी लागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधी सांगावा.

गर पुन्हा आला असेल तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकतो. केवळ वण काढण्यासाठी पाठ पुन्हा उघडणे मात्र बहुधा निराशेचे ठरते. वण नसेला चिकटलेला असतो, तो सोडवताना नसेचे आवरण फाटण्याचा धोका असतो, आणि जी जखम नव्याने होते ती पुन्हा वणानेच भरते. म्हणून अशा वेळी व्यायाम, नसेची वेदना शमवणारी औषधे, मणक्यातील इंजेक्शन यांवर भर देतात. अमेरिकेतील गॅबोर रॅक्झ यांनी १९८० च्या दशकात बारीक नळी आत नेऊन औषधाच्या साहाय्याने चिकटलेला भाग सोडवण्याची रीत आणली. मोठ्या शहरांत ती उपलब्ध आहे, पण तिचा गुण प्रत्येकास सारखा येत नाही. 'फेल्ड बॅक' हा जो शब्द अशा रुग्णांना चिकटवला जाई, तो आता वैद्यकानेच मागे टाकावयास घेतला आहे. पाठ नापास झाली असे म्हणण्यापेक्षा 'मणक्याची चिवट वेदना' अशा अर्थाचे नाव रूढ होत आहे, आणि ते योग्यच झाले.

काही लक्षणे मात्र वणाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची आहेत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचाचा ताबा सुटणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडून चप्पल निसटू लागणे, ताप व टाक्यांतून पू येणे, किंवा टाक्यांतून पाण्यासारखा द्रव गळून बसताच डोके दुखणे. फडावर असाल, रात्र असेल, मुकादम सकाळी पाहू म्हणत असेल, तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे किंवा जिल्ह्याचे रुग्णालय गाठावे. परक्या जिल्ह्यातील डॉक्टर सर्वांत आधी विचारतील ते हेच की कोणत्या मणक्यावर, कोणत्या बाजूला आणि केव्हा शस्त्रक्रिया झाली होती. त्यासाठी रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये असावेत. कोपीत कागद भिजतो.